सातच्या बातम्यांची कंबर

सातवालीला कंबर आहे, ही गोष्ट केंद्रावर कित्येक वर्षं कोणाला माहीत नव्हती. रेडिओवर कंबर ऐकू येत नाही. तिथे लागतो घसा, छाती आणि घड्याळाची भीती, आणि या तिन्ही गोष्टी तिच्याकडे मुबलक होत्या. संध्याकाळी सातच्या बातम्या ती वाचायची, म्हणून सगळं शहर तिला सातवाली म्हणायचं. दवाखान्यात, भाजीच्या दुकानात तिने तोंड उघडलं की लोक माना वळवायचे आणि मग थोडे निराश व्हायचे, कारण आवाजावरून त्यांनी कोणीतरी उंच बाई मनात धरलेली असायची. तिला त्याचं काही वाटत नसे. ज्याला उंच बाई हवी त्याने डोळे मिटावेत.

मग नवे साहेब आले, आणि येताना कॅमेरा घेऊन आले.

बातम्या आता नुसत्या ऐकायच्या नव्हत्या, फोनवर बघायच्याही होत्या. त्यासाठी वेगळी वाहिनी निघणार होती, तिचं उद्घाटन होणार होतं, भित्तिपत्रकं लागणार होती, आणि तोवर चाचणी म्हणून सातच्या बातम्या रोज फोनवर दिसणार होत्या. स्टुडिओतलं जुनं लाकडी टेबल, ज्यावर कित्येक निवेदकांच्या कपांचे गोल डाग एकमेकांत अडकले होते, ते जिन्याखाली गेलं आणि त्याच्या जागी काचेचं टेबल आलं. काचेचं अशासाठी, की फ्रेम मोकळी दिसते. फ्रेम मोकळी दिसली. त्या मोकळ्या फ्रेममध्ये सातवाली दिसली, मानेपासून गुडघ्यापर्यंत.

साहेब शिकलेले होते, त्यामुळे ‘बारीक व्हा’ असं ते म्हणाले नाहीत. पहिलं चित्रीकरण बघताना त्यांनी आवाजाचं तोंड भरून कौतुक केलं. मग दोन्ही हातांनी हवेत एक सुरई काढली आणि म्हणाले, “फक्त सिल्हूट, मॅडम. इथे जरा.” त्यानंतर सहज आठवल्यासारखं, हवामान वाचणारी नवी मुलगी फ्रेममध्ये फार छान बसते, असंही ते बोलून गेले. सातच्या बातम्यांचं उद्घाटनापर्यंत बघू म्हणाले. सरकारी भाषेत ‘बघू’ म्हणजे बघून झालेलं असतं.

सातवालीच्या तळपायाची आग मस्तकाकडे निघाली. पण वाटेत सातच्या बातम्या होत्या, तिथे ती थांबली. त्या बातम्या तिला कोणी बढती म्हणून दिल्या नव्हत्या. तिच्याआधी त्या वाचणाऱ्या थोरल्या बाई निवृत्त होताना स्वतःची लाल पेन्सिल तिच्या हातात देऊन गेल्या होत्या. घरात, दारात, बाजारात सातवालीचं कोणी फारसं ऐकत नसे. संध्याकाळी सात वाजता मात्र सगळं शहर चमचा खाली ठेवून तिचं ऐकायचं. हे तिला हवं होतं. याची तिला लाज वाटत नव्हती, आणि ते एका सुरईपायी जावं हे तिला पटत नव्हतं.

साहेबांना स्वतःचं पोट होतं, तेही चांगलं प्रशस्त. पण ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसत.

घरी ही गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली. नवऱ्याने ती बहिणीला सांगितली, कारण घरातली कुठलीही गोष्ट बहिणीला कळवणं हे तो आपलं कर्तव्य समजत असे. नणंदेचं बायकांच्या कपड्यांचं दुकान होतं, आतल्या आणि बाहेरच्या. ती दुसऱ्याच दिवशी एक लांबट खोका घेऊन हजर झाली. खोक्यात कॉर्सेट होता. काळं जाड कापड, आतून उभ्या पोलादी पट्ट्या, पुढे चाप, मागे कपडे वाळत घालता येतील एवढी लांब नाडी.

“वहिनी, घाबरू नका. हा काही साधा पट्टा नाही, ट्रेनिंग आहे. कंबरेला वळण लावायचं.”

“माझ्या कंबरेला वळण आहे, वन्सं. बाहेरच्या बाजूला.”

नणंदेने विनोद न ऐकल्यासारखं केलं, कारण ती आत्ता दुकानदार होती. ट्रेनिंगची दिनचर्या तिने तोंडपाठ म्हणून दाखवली. आधी कॉर्सेट मुरू द्यायचा, नव्या बुटासारखा. सुरुवातीला सैल बांधून सकाळचा थोडा वेळ, मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. हलकं खायचं, थोडंथोडं खायचं. वाकायचं नाही. घाई करायची नाही. दुखलं की लगेच सोडायचा. काढताना आधी मागची नाडी सैल करायची आणि मगच पुढचा चाप उघडायचा, नाहीतर चाप उघडतच नाही.

सातवालीने शांतपणे ऐकून घेतलं. ही दिनचर्या ज्या बाईसाठी बसवली होती तिच्या घरी वाकायला दुसरी बाई असणार, हे तिच्या लगेच लक्षात आलं. आपल्या घरी ती दुसरी बाई आपणच आहोत, हेही आलं.

तरी तिने घातला. अडला हरी, दुसरं काय.

आता दिवसाला कॉर्सेट बसवायचा की कॉर्सेटला दिवस, असा प्रश्न आला, आणि दिवसच जास्त लवचीक निघाला. सकाळी मागून नाडी ओढायला नवरा लागायचा. तो जमीनमोजणीच्या खात्यात होता, त्यामुळे सीमारेषा आत सरकली की त्याला मनापासून समाधान वाटायचं. “आणखी एक ओढू?” असं तो विचारायचा, आणखी चहा देऊ का, अशा सुरात. त्याचा पाय भिंतीला टेकलेला असायचा आणि तोंडाने तो शीळ वाजवत असायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने घरातलं कुठलं काम शीळ वाजवत केल्याचं तिला आठवत नव्हतं.

खालच्या फळीवरचे डबे वरच्या फळीवर गेले आणि वरच्या फळीवरचे पुन्हा कधी सापडले नाहीत. जमिनीवर पडलेली वस्तू ती पायाच्या बोटांनी उचलायला शिकली. बुटांच्या जागी चपला आल्या. बसमध्ये जागा मिळाली तरी ती उभीच राहायची, आणि लोक तिला आदर्श नागरिक समजून जागा दुसऱ्याला द्यायचे. दुपारचा डबा एका वेळी खाली उतरेना, म्हणून तो टेबलाच्या खणात उघडा ठेवून ती चोरासारखी घासघास खायची. शिंक येणार असं वाटलं की भिंत धरायची. हसणं तिने बंद केलं. ते तसंही कमीच होतं.

या सगळ्याचा तिला राग यायचा, पण तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. आधी तो पोटात राहायचा. आता पोटात जागा नव्हती.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. दिसायचं त्यांना आता जवळजवळ बंद झालं होतं. पूर्वी त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि कोण कॉपी करतंय हे पाठमोऱ्या उभ्या राहून ओळखायच्या, त्यामुळे डोळे गेल्याने त्यांचं फारसं अडलं नव्हतं. संध्याकाळी सात वाजता त्या रेडिओशी ताठ बसायच्या. सून घरी आली की त्या दिवसाच्या वाचनाचा निकाल लागायचा, आणि त्यात कधी पैकीच्या पैकी नसायचे. एकदा त्या एवढंच म्हणाल्या, “तू आज बातम्या वाचत होतीस की जिना चढत होतीस?”

हा घाव वर्मी बसला, कारण केंद्रावर तेच चाललं होतं.

थोरल्या बाईंची एक पद्धत होती. बुलेटिन हातात आलं की आधी ते मनात वाचायचं आणि श्वास जिथे घ्यायचा तिथे लाल पेन्सिलने तिरकी रेघ मारायची. लांब वाक्यात एखादी, साध्या वाक्यात नाहीच. सातवालीचा कागद पूर्वी जवळजवळ स्वच्छ असायचा. आता तो बघून वाटायचं की एखाद्या रागीट मास्तरने तपासला आहे. कॉर्सेटमध्ये श्वास पोटात उतरतच नाही, तो गळ्याखाली एका कोपऱ्यात अंग चोरून बसतो, नको असलेल्या पाहुण्यासारखा. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. कंबर दाबली की ते मिटतं.

बातम्या लिहिणाऱ्या उपसंपादकाने त्या रेघा बघितल्या. तो सज्जन होता. कारण न विचारता त्याने वाक्यं आखूड करायला सुरुवात केली. ‘अतिवृष्टीमुळे झालेल्या नुकसानीची पाहणी करण्यासाठी आलेल्या पथकाने’ हे गेलं आणि ‘पथक आलं. पाहणी केली. गेलं.’ असं आलं. साहेब खूश झाले. बातम्यांना वेग आला म्हणाले.

ध्वनी सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे कानवाले म्हणत. त्यांना हेडफोनमध्ये करकर ऐकू यायला लागली. त्यांनी खुर्ची बदलली. मग माइकचा दांडा बदलला. मग दाराच्या बिजागरीत तेल घातलं, भिंतीला कान लावला, आणि स्टुडिओत उंदीर असल्याचा अर्जही केला. उंदीर पकडायला आलेल्या माणसाला काहीच सापडलं नाही. एक दिवस सातवालीने कागद उलटायला हात लांब केला आणि करकर नेमकी तेव्हा झाली. कानवाल्यांनी काचेतून तिच्याकडे बघितलं, मग नजर खाली घातली, आणि त्या दिवसापासून एक बटण फिरवून ते ती करकर कापून टाकू लागले. करकरीबरोबर तिच्या आवाजातली थोडी मायाही कापली जायची. त्याला इलाज नव्हता.

म्हणजे एकंदर सोय उत्तम झाली होती. वाक्यं कापली, आवाज कापला, जेवण कापलं, फळ्या हलल्या, उंदीरवाला येऊन गेला. जो तो तिला मदत करत होता. आणि साहेब पडद्यासमोर मान कलती करून म्हणाले, “येतंय, मॅडम. सिल्हूट येतंय.” जणू ते रुजत घातलेलं बी होतं आणि पाणी ते स्वतः घालत होते.

भित्तिपत्रकासाठी फोटो काढायचे ठरले त्या दिवशी नणंद स्वतः केंद्रावर आली. फोटो म्हणजे कायमचा, नाडी आज दादाच्या भरवशावर सोडायची नाही, असं तिचं म्हणणं. बायकांच्या प्रसाधनगृहात तिने सातवालीला वॉशबेसिन धरायला लावलं आणि गुडघा टेकून ओढलं. नाडीचे पदर कंबरेभोवती फिरवून मागे आवळून गाठ मारली, वर कोट चढवला. सातवालीला दोन सातवाल्या झाल्यासारखं वाटलं, एक वरची आणि एक खालची, आणि दोघींची ओळख तुटलेली. फोटो छान आले. साहेबांनी फोटोवाल्याला पुन्हा एकदा सुरई काढून दाखवली. नणंद दुकानाला निघून गेली.

आणि संध्याकाळ व्हायच्या आत धान्याचं गोदाम कोसळलं.

शहराच्या टोकाला मोठं जुनं गोदाम होतं. पाळी बदलायच्या वेळी आतली थप्पी कलली, तिने खांब ढकलला आणि छप्पर खाली आलं. पोती उचलणारे हमाल आत होते. सात वाजायला थोडा अवधी राहिला तेव्हा मृतांची नावं हाती आली, आणि उपसंपादक ती स्वतः घेऊन धावत आला. घरच्या माणसांना कळवून झालं होतं, पण नात्यागोत्यातले, गावाकडचे, जुने शेजारी, यांना ती सातला कळणार होती.

थोरल्या बाईंची दुसरी पद्धत इथली होती, आणि ती केंद्रावर कुठे लिहिलेली नव्हती. मृताच्या नावात रेघ मारायची नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, राहण्याचं ठिकाण, सगळं एका श्वासात. मग थांबायचं. मग पुढचं. “त्या माणसाचा श्वास तुटलाय,” असं थोरल्या बाई सांगायच्या. “निदान तुमचा तुटू देऊ नका.”

सातवाली उठून प्रसाधनगृहाकडे गेली. कोटाच्या आत हात घालून तिने गाठ शोधली. गाठ नणंदेची होती, आणि नणंद जे बांधते ते सुटत नाही, हे नणंदेच्या नवऱ्यालाही माहीत होतं. तिने पुढचा चाप ओढून बघितला. मागची नाडी सैल केल्याशिवाय तो उघडणार नव्हता, हे नणंदेने सांगितलेलंच होतं. तेवढ्यात दाराबाहेरून साहेबांचा आवाज आला. सगळे थांबलेत, कॅमेरा तयार आहे, बरं वाटत नसेल तर हवामानवालीला बसवू का?

“आले,” ती म्हणाली. हा एक शब्द तोंडातून निघाला नसता तर बरं झालं असतं.

तिने मथळे वाचले. मग गोदामाची बातमी. मग नावं सुरू झाली. पहिली काही तिने रेटली, दात घट्ट धरून जडशीळ कपाट सरकवावं तशी. प्रत्येक नावाच्या शेवटी डोळ्यांसमोर काळे ठिपके यायचे, ती थांबायची, गळ्याखालच्या त्या कोपऱ्यात जेवढा मावेल तेवढा श्वास भरायची आणि पुढचं नाव उचलायची. कानवाले काचेपलीकडे उभे राहिले होते. मग एक लांब नाव आलं. तरुण मुलगा होता. त्याचं नाव झालं, वडिलांचं नाव अर्धं झालं, आणि तिथे श्वास संपला. तोंड उघडंच राहिलं, पण आवाज आला नाही. मग हुंदक्यासारखा एक आवाज करून तिने हवा ओढली आणि उरलेलं नाव वाचलं. ते कुणाचंच नसल्यासारखं ऐकू आलं.

बुलेटिन संपलं. साहेब लगबगीने आत आले आणि म्हणाले की तो एक क्षण फार प्रभावी झाला, भावना अगदी पोचली.

तिने त्यांच्याकडे बघितलं. मग कागद गोळा केले आणि उठली.

फोन आला तो कानवाल्यांनी उचलला. थोडा वेळ ते नुसते ‘हो, हो’ म्हणत राहिले आणि मग त्यांनी तो तिच्यापुढे धरला. त्या मुलाची आई बोलत होती. ती रडत नव्हती. ओरडतही नव्हती. तिने विचारलं, ही सातवाली का? सातवालीने हो म्हटलं.

“माझ्या मुलाचं नाव मध्येच सुटलं तुमच्या हातून,” बाई म्हणाली. “त्याचा मामा लांब असतो, त्याला नीट कळलं नाही. उद्या पुन्हा एकदा धड घ्याल का?”

सातवाली म्हणाली, घेते.

घरी आल्यावर नवऱ्याने गाठ कात्रीने कापली. या वेळी त्याने शीळ वाजवली नाही. सासूबाईंनी निकाल दिला नाही. रेडिओ त्यांनी मध्येच बंद केला होता, एवढं नवऱ्याने सांगितलं.

सकाळी मात्र सासूबाई स्वयंपाकघरात काठी टेकत आल्या आणि तिच्यासमोर बसल्या. हे ते काय बांधतेस, ते मला दे म्हणाल्या. तिने कॉर्सेट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी चाचपला, पट्ट्या वाकवून बघितल्या, चाप उघडला, मिटला. जसा त्या पूर्वी विद्यार्थ्याकडे सापडलेला कागद आधी नीट वाचायच्या आणि मग फाडायच्या.

“कशासाठी हे?” त्यांनी विचारलं.

“कंबर दिसते, आई.”

“कशातून दिसते?”

“टेबलातून. काचेचं आहे.”

“मग टेबलावर काहीतरी घाला की,” त्या मुलाच्या दिशेने वळून म्हणाल्या. “हिच्या कंबरेवर कशाला घालता?”

नवरा चहाचा कप हातात धरून उभा होता. साहेब, उपसंपादक, कानवाले, फोटोवाला, उंदीरवाला, नणंद, नवरा, आणि पदवीधर असलेली ती स्वतः, इतकी माणसं त्या टेबलाभोवती इतके दिवस फिरली. त्यांनी एका बाईला आत सरकवता येईल तेवढं सरकवलं. आणि त्या टेबलावर कापड टाकावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. बाई बदलता येते. टेबल नवीन होतं.

सातवालीला आलेला राग आता वेगळ्या जातीचा होता. आधीचा धुमसत होता, हा पेटला, आणि पेटल्यावर एकदम शांत झाला, शेगडीवरच्या निळ्या ज्योतीसारखा. त्यात साहेब होते, नणंद होती, भिंतीला पाय लावून ओढणारा नवरा होता. सगळ्यांत जास्त ती स्वतः होती, कारण प्रसाधनगृहाच्या दारामागून ‘आले’ ती म्हणाली होती, दुसरं कोणी नाही. कॉर्सेट सासूबाईंच्या मांडीवरच सोडून तिने कपाट उघडलं आणि सगळ्यात जाड चादर काढली, राखाडी, धुऊन धुऊन मऊ झालेली.

केंद्रावर तिने उपसंपादकाला सांगितलं, त्या मुलाचं नाव आज पुन्हा जाईल. साहेबांनी कालच शिळी नावं घ्यायची नाहीत असं सांगितलंय, असं तो कुजबुजला, आणि तिच्या तोंडाकडे बघून आपल्या टेबलाकडे वळला. थोड्या वेळाने त्याने कागद आणून दिला. ढिगाऱ्याखाली रात्रभरात सापडलेल्या मृतांची नावं त्यात होती, आणि सगळ्यात वर त्या मुलाचं. वाक्यंही पूर्वीसारखी लांब होती. त्यालाही आखूड वाक्यांचा कंटाळा आला असावा.

तिने लाल पेन्सिल घेतली, कागद मनात वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली.

स्टुडिओत हवामानवाली आधीच येऊन बसली होती, काचेच्या टेबलाशी. साहेबांनी तिला तयार राहायला सांगितलं होतं, कालच्या प्रकारानंतर. साहेबांना प्रभावी क्षण आवडला होता, पण रोज रोज नको होता. मुलगी पांढरी पडली होती. वाळक्या शेंगेएवढी तिची चण, आणि तरी ती अशी ताठ बसली होती की सातवालीला बघताक्षणी कळलं. ते ताठपण तिच्या ओळखीचं होतं.

“तुलाही?” तिने विचारलं.

“साहेब म्हणाले, सिल्हूट अजून थोडं आलं तर बरं,” मुलगी म्हणाली. मग कागदाकडे बोट दाखवून हळूच म्हणाली, “बाई, मला ही नावं जमणार नाहीत. दोनदा वाचून बघितली. श्वास पुरत नाही.”

सातवालीने तिला उठवलं, पाठमोरी केलं आणि तिची नाडी सोडली. ही गाठ सोपी होती, मुलीनेच मारलेली. मुलीने जो श्वास घेतला तो कानवाल्यांना हेडफोन न लावता ऐकू गेला. मग दोघींनी दोन टोकं धरून चादर झटकली आणि टेबलावर पसरली. पुढून जमिनीपर्यंत, बाजूंनी लोंबती. सातवाली मागे बसली. तिने पोट सैल सोडलं, जिथे जायचं तिथे जाऊ दिलं, आणि माइक जवळ ओढला.

साहेब धावत आले. हे काय आहे, फ्रेम मेली, हे काय हॉस्टेल आहे का, चादर काढा आधी, असं ते बोलत होते. आवाज चढलेला होता. दारावरचा लाल दिवा लागायला थोडा वेळ होता.

“तुम्ही काढा,” सातवाली म्हणाली. “दिवा लागल्यावर आत या आणि काढा. कॅमेरा चालूच आहे, तुम्हीही दिसाल.” मग तिने त्यांच्या कोटाच्या ताणलेल्या बटणाकडे बघितलं, सावकाश, आणि हवेत दोन्ही हातांनी एक माठ काढला. “फक्त सिल्हूट जरा बघा.”

साहेबांचं तोंड उघडलं. हवामानवाली भिंतीकडे वळली, तिचे खांदे हलत होते. कानवाल्यांनी काचेपलीकडून बोट वर केलं आणि लाल दिवा लागला. साहेब जिथे उभे होते तिथून, भिंतीला पाठ घासत, एकेक पाऊल दाराकडे सरकले. स्वतः फ्रेममध्ये येऊ नये म्हणून त्यांनी पोट आत ओढलं होतं. ते बाहेर पडेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही.

सात वाजले होते. सातवालीने नमस्कार म्हटला. काल गोदामाच्या दुर्घटनेत गेलेल्या एका तरुणाचं नाव या केंद्रावरून नीट सांगितलं गेलं नव्हतं, ते पुन्हा सांगत आहोत, असं तिने सांगितलं. तिने श्वास घेतला. तो छातीतून खाली उतरला, पोटात गेला, बाजूंना पसरला, आणि कोणी त्याला अडवलं नाही. मग तिने ते नाव घेतलं. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, वय, गल्ली, वस्ती. लांब असलेल्या मामाला कळावं इतक्या सावकाश. कुठेही रेघ नव्हती.

ती थांबली. कानवाल्यांनी करकर कापायचं बटण आधीच मागे फिरवून ठेवलं होतं, त्यामुळे त्या थांबण्यातली शांतताही जशीच्या तशी गेली. मग तिने पुढचं नाव घेतलं, आणि त्यापुढचं. राग तिच्या आत होता तिथेच होता. फक्त आता त्याला टेकायला जागा मिळाली होती, आणि आवाज त्याच्यावर उभा होता.

सकाळी साहेबांकडून निरोप आला. चादरीचा उल्लेख त्यात ‘आवरण’ असा होता. गंभीर बातम्यांच्या वेळी आवरण असावं ही कल्पना साहेबांना सुचली होती म्हणे, फक्त ते सेटच्या रंगाला शोभेल असं असावं. इतर दिवशी टेबल उघडं राहील. सातवालीने उलट निरोप पाठवला, की टेबल ज्या दिवशी उघडं असेल त्या दिवशी सातला साहेबांनी स्वतः बसावं, हवामानवालीचंही हेच म्हणणं आहे. त्यावर काही उत्तर आलं नाही. सरकारी भाषेत याला मंजुरी म्हणतात. मामाचा किंवा त्या आईचा फोन आला नाही, आणि यावा असं तिलाही वाटलं नाही.

त्या दिवशी निघताना तिने कपाटातून दुसरी चादर काढली, मोठ्या मोठ्या लाल फुलांची, जी सेटच्या रंगाला कुठल्याच जन्मी शोभली नसती. सासूबाईंनी ती हाताने चाचपून ओळखली.

“हिला कोपऱ्यात भोक आहे.”

“माहीत आहे, आई.”

“ते कॅमेऱ्याच्या बाजूला ठेव,” सासूबाई म्हणाल्या, आणि सातला अजून अख्खा दिवस असताना रेडिओजवळ जाऊन बसल्या.